दुसरं बटण

चित्रीकरणाच्या जागी सगळ्यांत नकोसं माणूस कोण, असं विचारलं तर कुणी दिग्दर्शकाचं नाव घेणार नाही की निर्मात्याचं. नकोसं माणूस म्हणजे कंटिन्युइटी बघणारं. सगळं कसं मनासारखं जमून आलेलं असतं, नट जीव ओतून रडलेला असतो, दिग्दर्शक खूश होऊन खुर्चीतून उठायला लागतो, आणि तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज येतो, "सर, मघाशी कप डाव्या हातात होता." झालं! पुन्हा दिवे, पुन्हा रडणं.

हा कोपऱ्यातला आवाज गेली बारा वर्षं ताईचा होता. सेटवर लहानथोर सगळे तिला ताईच म्हणायचे. पडद्यावर गोष्ट सरळ रेषेत चालत असली तरी चित्रीकरण कधीच तसं होत नाही. एखादी जागा चार दिवस मिळाली की तिथली सगळी दृश्यं उरकून घ्यायची. माणूस सकाळी मरतो, दुपारी त्याची ओळख होते आणि दुसऱ्या दिवशी तो पहिल्यांदा दारातून आत येतो. या गोंधळात बाही किती दुमडली होती, सिगारेट किती जळली होती, कुठली बटणं लागली होती, हे कुणीतरी ध्यानात ठेवावं लागतं. ताई प्रत्येक टेकनंतर फोटो काढायची आणि वहीत लिहायची. बारा वर्षांत तिची एकही चूक पडद्यावर गेली नव्हती. कुणी विचारलं नाही तरी ती हे सांगायची.

ही मालिका गुन्हेगारीची होती, आठ भागांची. नशेच्या टोळ्या कशा वाढल्या, त्याची गोष्ट. पहिल्या भागात तीन मित्र जिन्याखाली उभे राहून पुड्या विकत होते. चौथ्या भागापर्यंत त्यांचे ट्रक झाले, कंटेनर झाले, फोन उचलायला बाई असलेलं ऑफिस झालं. आणि एक बर्फाचा कारखाना झाला, तिथे माल मिसळायचा आणि भरायचा. त्या चौथ्या भागात एक पोरगा होता. त्याला नावसुद्धा नव्हतं, कागदावर नुसतं 'पोरगा' लिहिलेलं. आधी पुडी घेणारा, मग विकणारा, मग काहीच करायच्या लायकीचा न उरलेला. टोळीवाले त्याला हाकलत नाहीत, कामाला ठेवतात. नव्या मालाची पहिली चिमूट त्याला द्यायची. दोन तासांनी तो उठून बसला तर माल बाजारात.

हा पोरगा लेखकाला सापडला तो ताईच्या डब्यापाशी. एकदा दोघं जेवायला बसले होते आणि ताईने आपल्या धाकट्या भावाची सगळी हकीकत त्याला सांगून टाकली. का सांगितली, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. राग होता आणि तो कुणाला तरी दाखवायचा होता, एवढं खरं. धाकट्याने आधी घरातला पंखा विकला, मग मिक्सर, आणि शेवटी आईचं शिवणाचं मशीन. आई त्यावर लोकांचे कपडे शिवायची. मशीन गेलं त्या दिवशी आई नुसती त्याच्या जागेकडे बघत बसली होती, जमिनीवर चार पायांचे चार ठसे होते. धाकटा घरातून गेला त्याला अडीच वर्षं झाली होती. जिवंत आहे की नाही, माहीत नव्हतं.

लेखकाने लिहून आणलं तेव्हा ताईने त्यातही चुका काढल्या. "तो असा रडत नाही," ती म्हणाली. "तो आधी हसतो. हसता हसता कानाची पाळी चोळतो."

"ताई, सोनं दिलंत तुम्ही मला!" लेखक म्हणाला.

एक गोष्ट मात्र तिने त्याला सांगितली नव्हती. धाकटा गेला तो कायमचा गेला नव्हता, तिनेच त्याला परत आत घेतलं नव्हतं. आई शेजारच्या गल्लीत मावशीकडे गेली असताना तो दारात आला होता. ताईने साखळी लावून दार चार बोटं उघडलं होतं, आणि मग तेही लावून घेतलं होतं. दाराला पाठ लावून ती आतून उभी राहिली आणि तो बाहेरून बोलत राहिला. चाळीस मिनिटं. हे आईलाही माहीत नव्हतं.

पोरग्याचं काम करायला एक नवा नट घेतला होता, सगळे त्याला 'नवा' म्हणायचे. हसरा, खात्यापित्या घरचा, दर तासाला आईला फोन करणारा. कपडेवाल्या दादांनी त्याच्यासाठी फिका निळा शर्ट आणला. दगडावर घासला, उन्हात टाकला, चहाच्या पाण्यात बुडवला, पण तो काही केल्या नवाच दिसायचा. तेव्हा ताईने घरून धाकट्याचा शर्ट आणला. आईच्या कपाटात घडी करून ठेवलेला होता. आईला विचारलं नाही. चार दिवसांचा तर प्रश्न होता.

खराखुरा बर्फाचा कारखाना मिळाला होता, सहा वर्षं बंद पडलेला. छातीपर्यंत पांढऱ्या फरश्या, मधोमध पाणी वाहून जायची मोरी, भिंतीत जाडजूड दारं. अमोनियाचा वास अजून होता, डोळ्यांच्या कडांना झोंबणारा. यंत्रं केव्हाच भंगारात गेली होती, तरी फरशीवर पाय ठेवला की गारवा तळव्यातून वर चढायचा. जमीन ओली असेल, ताईने विचार केला. प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं मानणाऱ्यांतली ती होती.

सोमवारी सकाळी पहिलं दृश्य पोरग्याच्या प्रेताचं. चेहरा, छाती आणि डावीकडे पडलेला हात, एवढंच चौकटीत. डोळे उघडे. नव्याने श्वास चांगला रोखला. ताईने फोटो काढला आणि वहीत लिहिलं: सगळी बटणं लागलेली, वरचं सोडून. दुपारी मारहाणीचं दृश्य झालं. धरपकडीत शर्टाची कॉलर टरकन फाटली. ठरलेलं नव्हतं, पण दिग्दर्शकाला आवडलं.

ताईने मात्र वहीतलं सकाळचं पान उलटून काढलं. मारहाण आधी आणि प्रेत नंतर. म्हणजे प्रेताची कॉलरही फाटलेली हवी होती, आणि प्रेताचं दृश्य तर सकाळीच घेऊन झालं होतं. आता सगळं पुन्हा घ्यावं लागणार. तिने सकाळचा फोटो उघडला.

फोटोत कॉलर फाटलेलीच होती.

तिने फोटो मोठा करून बघितला. वेळ बघितली, सकाळी दहा वाजून सहा मिनिटं. मग ती खाली बसली, पाणी प्यायली आणि वहीत त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. सकाळीच फाटली असेल, आपलं लक्ष गेलं नसेल. जुळतंय ना? मग झालं तर.

घरी गेल्यावर आई दारातच उभी होती.  "बाळ्याचा फोन आला होता!"

ताई चप्पल काढता काढता थांबली. बाळ्या म्हणजे धाकटा.

"अनोळखी नंबर होता. आधी नुसता हसला. मग म्हणाला, आई, आज मार पडला गं. कॉलर फाटली माझी." आईला रडू येत होतं आणि आनंदही लपत नव्हता. "जिवंत आहे गं तो! मार खाल्ला तरी जिवंत तर आहे."

ताईने चप्पल कोपऱ्यात सरकवली. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचा रागही आला. अडीच वर्षं आईला जाळलं आणि आता कॉलरचं कौतुक सांगतोय! कॉलर हा शब्द तिच्या डोक्यात जरा अडकला. पण मार खाणाऱ्याची कॉलर फाटतेच.

मंगळवारी पोरगा पहिल्यांदा चिमूट चाखतो, ते दृश्य होतं. गोष्टीत ते मारहाणीच्या बरंच आधी येतं, म्हणजे कॉलर धड हवी. दादांनी शर्ट आणून दिला तो धड होता. ताईने बोट फिरवून बघितलं. ना टाका, ना ठिगळ.

"छान शिवलात हो दादा."

"मी कुठे?" दादा म्हणाले. "मला वाटलं तुम्ही घरी नेऊन केलंत. तुमच्या आई शिवतात ना?"

दोघांनीही कॉलर पुन्हा उलटून बघितली. मग दादांना कुणीतरी हाक मारली आणि ताईने वहीत खूण केली.

दृश्यात टोळीचा म्होरक्या, सगळे ज्याला 'मामा' म्हणतात तो, पोरग्याच्या जिभेवर आपल्या बोटाने चिमूट ठेवतो. मामाचं काम करणारे नट साठीचे, मवाळ, खिशात कायम खडीसाखर. टेक संपला की आधी नव्याला पाणी द्यायचे. नव्याने काम सुरेख केलं. चिमूट चाखून हसला आणि कानाची पाळी चोळली.

संध्याकाळी आईने भाजी चिरता चिरता सांगितलं, "आजही आला होता फोन. अगं, कामाला लागलाय तो! चव बघायचं काम आहे म्हणाला. कुठल्यातरी खानावळीत असणार. जेवायला तरी मिळत असेल."

ताईने हातातली वही मिटली.

"पण काहीतरीच बोलत होता बाई," आई म्हणाली. "म्हणे, माझे दिवस उलटसुलट लागतायत. कालचा मार अजून पडायचाय म्हणाला. मी विचारलं, कॉलर शिवलीस का रे? तर म्हणतो, कॉलर कुठे फाटलीय?"

"नशेत आहे तो," ताई म्हणाली. "दुसरं काय?"

बुधवारी कारखान्याच्या कोपऱ्यात एक खोटं दार उभं केलं होतं. पोरगा आपल्या घरी येतो आणि दार उघडत नाही, एवढंच लेखकाने कल्पनेने लिहिलं होतं. संवाद नव्हता. दिग्दर्शक नव्याला म्हणाले, "आतून काहीतरी आण." नवा दारासमोर उभा राहिला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तो हसला. मग त्याने दाराला कपाळ टेकलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, साखळी नको काढूस. पाणी तरी सरकव."

ताईच्या हातातून पेन पडलं. धाकटा हेच म्हणाला होता, अक्षर न् अक्षर. आणि तिने पाणी सरकवलं नव्हतं.

"कट! काय पोरगं आहे!" दिग्दर्शकांनी टाळी वाजवली.

ताई नव्याला बाजूला घेऊन गेली. "ते वाक्य तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आपोआप आलं तोंडात." नवा घाबरला. "चुकलं का काही?"

घरी आई उंबऱ्यातच बसली होती. ताईला बघून म्हणाली, "बाळ्या म्हणतो, आज आपल्या दारात आला होता. कुणी उघडलं नाही. मी दिवसभर घरात होते गं! उंबऱ्यातून हलले नाही. कुणी आलं नाही." मग तिने डोळे पुसले. "पण उद्या येतो म्हणाला. उद्या संध्याकाळी काम संपतंय त्याचं, मग सुट्टीच सुट्टी. दार उघडशील ना गं? तू रागावू नकोस त्याच्यावर. माझ्यासाठी."

"उघडीन," ताई म्हणाली. आणि या खेपेला ती मनापासून म्हणाली. तिला एकदम त्याचं लहानपण आठवलं, तिच्या पाठीवर बसून तो अख्ख्या घरभर फिरायचा. उद्या तो येईल, त्याला न्हाऊ घालू, दवाखान्यात नेऊ. यायला हवा फक्त.

मग ती वही उघडून बसली. ताई भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती, पण जुळवणं हा तिचा धंदा होता. मार, चिमूट, दार. तीन दिवस, तीन दृश्यं, तीन फोन. जुळत होतं. गुरुवारच्या पानावर एकच दृश्य होतं. पोरगा चोरून माल खातो म्हणून मामा त्याला मोरीपाशी गुडघ्यांवर बसवतो आणि बर्फ फोडायचा टोच्या पाठीत घालतो. डाव्या खांद्याखाली, एकदाच. नव्याचं काम त्याच दृश्याने संपत होतं.

गुरुवारी सकाळी ती दिग्दर्शकांकडे गेली. जन्मात कधी केलं नव्हतं ते तिने केलं. "सर, त्या पोरग्याला मारलंच पाहिजे का? पळून गेला असं दाखवलं तर?"

दिग्दर्शकांनी चष्मा वर केला. लेखक शेजारीच बसला होता, त्याला हसू आवरेना. "ताई, तुम्ही? अहो, तुमच्या पोटात माया पण असते होय?"

सगळे हसले. दिवेवाले हसले, दादा हसले, चहा देणारी बाईसुद्धा हसली. ताईचे कान तापले. बारा वर्षं तिने नाकावर माशी बसू दिली नव्हती, आणि आज एका नशेबाजापायी तिचं हसं झालं होतं. ती वळली आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. ठीक आहे. करा काय करायचं ते. खोटा टोच्या आहे, दाबला की पातं मुठीत सरकतं. आणि एकदाच तर आहे.

पहिला टेक उत्तम झाला. मामांनी पोरग्याच्या डोक्यावरून हात फिरवला, काहीतरी पुटपुटले आणि टोच्या घातला. रक्त नंतरच्या चौकटीत यायचं होतं, त्यामुळे नुसता एक श्वास ऐकू आला. नवा मोरीवर कोसळला.

"सुंदर! ओके!" दिग्दर्शक उठायला लागले.

ताईने पडद्यावर बघितलं. कॉलर आज पुन्हा फाटलेली होती, जुळत होती. नव्याच्या छातीवरचं दुसरं बटण उघडं होतं. सोमवारच्या प्रेताचं दुसरं बटण लागलेलं होतं. गप्प बसली असती तर संपलं असतं. कुणाच्याही लक्षात आलं नसतं. पण मघाचं ते हसणं अजून तिच्या कानांत होतं.

"सर, बटण," ती म्हणाली.

आता बटण ते काय? पण चूक ती चूक. दादांनी बटण लावलं. दुसरा टेक. नवा गुडघ्यांवर बसला, टोच्या आला, तो पडला. बटण उघडं.

पिशवीत फोन थरथरला. ताईने बघितलं, आई होती. सेटवर फोन घ्यायचा नाही, हा नियम तिचाच होता.

तिसरा टेक. बटण उघडं. फोन.

चौथ्या टेकला बटण राहिलं, पण नव्याने उजवा हात आधी टेकला. प्रेताचा हात डावीकडे होता. "पुन्हा," ताई म्हणाली.

"ताई, कोण बघतंय हो एवढं?" दिग्दर्शक वैतागले.

"मी बघतेय."

पाचव्या टेकनंतर नवा पाठ चोळत उठला. "काहीतरी टोचतंय," तो म्हणाला. टोच्या तपासला. पातं बिनआवाज आत सरकत होतं. नव्याची पाठ तपासली. काही नव्हतं.

सहावा. बटण उघडं. फोन.

मामांनी टोच्या खाली ठेवला.  "ताई, किती वेळा मारायचं या पोराला?"

"बरोबर होईपर्यंत," ताई म्हणाली.

सातवा.

फोन.

आठव्याला नवा पडला तो लवकर उठलाच नाही. अमोनियाचा वास एकदम वाढला, दिवेवाल्यांनी नाकाला रुमाल लावले. बटण उघडं होतं.

ताईने पिशवीतला सुईदोऱ्याचा डबा उघडला. त्यात आईच्या शिवणाच्या सामानातलं उरलंसुरलं असायचं, सुई आणि हिरव्या दोऱ्याचं एकच रीळ. ती मोरीपाशी गेली, नव्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि शर्ट त्याच्या अंगात असतानाच तिने दुसरं बटण काजासकट शिवून टाकलं. टाके आतून घातले, कॅमेऱ्याला दिसू नयेत असे. चार टाके, वर गाठ. तिची बोटं त्याच्या छातीला लागली. छाती बर्फासारखी गार होती.

"ताई," तो ओठ न हलवता म्हणाला, "आता बास."

सेटवर सगळेच तिला ताई म्हणायचे. तिने दोरा दातांनी तोडला.

नववा टेक. टोच्या आला, तो पडला, हात डावीकडे. बटण जागच्या जागी.

"बरोबर," ताई म्हणाली.

फोन वाजला नाही.

नवा टुणकन उठला. लोकांनी त्याला मिठ्या मारल्या, केक आला, त्याने तोंडभर केक खाऊन आईला फोन केला. ताईने शर्ट ताब्यात घेतला, टाके उसवले आणि हिरव्या दोऱ्याचे तुकडे तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकले. बाहेर लख्ख ऊन होतं. तिने आईला फोन लावला.

"कुठे होतीस गं? किती लावला तुला!" आई रडत होती. "बाळ्याचा फोन येतो, उचलला की नुसता विव्हळतो आणि बंद. पुन्हा येतो, पुन्हा तेच. आठ वेळा! शेवटी एकदाच बोलला. म्हणाला, आई, ताईला सांग, आता बास म्हण."

ताई उन्हात उभी राहिली. रस्त्यावरून माणसं जात होती.

"येईल ना गं तो?" आईने विचारलं.

"येईल."

घरी येऊन तिने स्वतःच्या हाताने दार उघडं टाकलं. आईने दोन भाज्या केल्या होत्या. ताई शर्ट कपाटात ठेवत असताना आईने बघितलं, पण ती रागावली नाही. तिने तो हातात घेतला, नाकाशी नेला. कॉलर पुन्हा धड झालेली होती. मग आईने दुसऱ्या काजातून बोट घालून दाखवलं. काज उसवून रुंद झालं होतं. "हे बघ. हे बटण कधी राहायचंच नाही. उद्या शिवते, उद्या शिवते म्हणत राहिले, आणि मग मशीनच गेलं. उघड्या बटणानेच फिरायचा वेडा."

ताईने आठवून बघितलं. पाठीवर घेतलं त्या वयापासून आठवलं, पण बटण आठवलं नाही. शर्ट तिने आणला होता, भाऊ तिचा होता, आणि एवढी एक गोष्ट तिला माहीत नव्हती. पहिला टेकच बरोबर होता.

दार रात्रभर उघडं राहिलं.

आठवड्याने तिला संकलनाच्या खोलीत बोलावलं. संकलक जांभया देत होता. मोरीचं दृश्य पडद्यावर सुरू झालं आणि तिने छातीकडे बघितलं. दुसरं बटण उघडं होतं.

"हा नववा टेक नाही," ती म्हणाली.

"छे हो, पहिलाच घेतला. त्यात जीव आहे. बाकीच्यांत पोरगं आधीच मेल्यासारखं दिसतं." त्याने चहाचा घोट घेतला. "बटणाचं म्हणताय होय? कुणाला कळतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांचा फोन आला. तीन तासांवरच्या गावात, एका चालू बर्फाच्या कारखान्यात, मागच्या बंद खोलीतल्या मोरीपाशी सापडला होता. आठ दिवस तसाच गारठ्यात होता, त्यामुळे चेहरा ओळखता येईल, असं सांगितलं. ताई एकटीच गेली. आईला म्हणाली, कामावर जाते.

तो धाकटाच होता. डोळे उघडे होते. हात डावीकडे पडला होता.

डॉक्टर तरुण होते, आणि त्यांना वाईट वाटत होतं. "गुरुवारी दुपारी झालं असावं. टोकदार हत्यार, डाव्या खांद्याखाली." त्यांनी हातातला कागद उलटला. "नऊ घाव आहेत. पण तुम्हाला खरं सांगतो, पहिल्यातच सगळं संपायला हवं होतं. तसं झालेलं दिसत नाही. शेवटच्या घावापर्यंत जीव होता. कशासाठी कुणी असं करतं, मला कळत नाही."

शेजारच्या खोलीत एक कारकून टेबलापाशी बसला होता. समोर प्लास्टिकच्या पिशवीत कपडे होते. त्याने छापील कागद ओढला, पेन झटकलं आणि तिला बसायला सांगितलं.

"मी वाचतो, तुम्ही पिशवीत बघा आणि हो म्हणा. म्हणजे सही घेता येईल." तो वाचायला लागला. "पँट, काळी, एक."

"हो."

"शर्ट, फिका निळा, एक. कॉलर फाटलेली."

ताईने पिशवीत बघितलं. घरून निघताना तिने आईचं कपाट उघडलं होतं. शर्ट तिथेच घडी करून ठेवलेला होता.

"हो," ती म्हणाली.

"बटणं सात. वरचं उघडं, बाकीची लागलेली." कारकुनाने पिशवी जरा स्वतःकडे ओढली आणि शर्टाची पट्टी बोटाने उलटून बघितली. "दुसरं बटण काजासकट शिवलेलं. आतून, हिरव्या दोऱ्याने. टाके चार." त्याने मान वर केली. "बरोबर?"

ताईने वाकून टाके मोजले. गाठ बघितली. दोऱ्याचं टोक चपटं झालं होतं, दातांनी तोडल्यावर होतं तसं.

"बरोबर," ती म्हणाली.